वळणावरची तार

सायकलवाल्याने दुर्बीणबाईंना राखीव जंगलाच्या फाटकातच अडवलं. मागे त्याच्या गटातले सहा-सात जण सायकली आडव्या लावून उभे होते. त्याच्या हातात तारेचा वीतभर तुकडा होता.

"ओळखता ही?"

बाईंनी तारेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मुलगी कशी आहे?"

"तिचं नाव तुम्ही काढू नका."

बाई सायकलींना वळसा घालून गवतातून आत गेल्या. मागून कुणीतरी घंटी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. बाई तळ्याच्या वळणाआड दिसेनाशा होईपर्यंत घंट्या वाजत राहिल्या.

शहराच्या कडेचं हे जंगल. त्यात तळ्याला वेढा घालणारी खडीची वाट. फाटकासमोर सायकलवाल्याचं दुकान होतं, आणि त्याची मुलगी त्या दुकानात आणि या वाटेवरच वाढली होती. रुंद टायरची सायकल घेऊन खडीच्या उतारावरून ती अशी सुटायची की चांगल्या चांगल्यांनी ब्रेक दाबावेत. मोठ्या शर्यतीची निवड तोंडावर आली होती.

दुर्बीणबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. वनखात्याच्या परवानगीने त्यांनी तळ्याच्या वळणावरच्या झाडावर मचाण बांधलं होतं आणि तिथून त्या दुर्बिणीने गरुडांच्या जोडीवर लक्ष ठेवत. यंदा घरट्यात अंडी दिसली आणि बाई वनरक्षकाच्या मागे हात धुऊन लागल्या. पिल्लं उडेपर्यंत तळ्याकडे सायकली नकोत. शेवटी वनरक्षकाने तेवढी वाट बंद करायचं ठरवलं. सराव कुठे करायचा, म्हणून मुलीने त्या दिवशी घरात ताट बाजूला सारलं होतं.

त्याच आठवड्यात ती त्या वळणावर पडलेली सापडली. जबडा मोडलेला, दोन्ही मनगटं मोडलेली. सापडली ती दुर्बीणबाईंनाच. रुग्णवाहिकाही त्यांनीच बोलावली. विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी एकच सांगितलं, मी पोचले तेव्हा ती जमिनीवर होती.

सायकलवाला दुसऱ्या दिवशी सायकल आणायला गेला. सायकलला ओरखडाही नव्हता. जवळच गवतात तारेचा तुकडा पडलेला होता. त्याने दोन्हींकडे पाहिलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वाटेवर आडवी तार बांधली की सायकल खालून निघून जाते आणि माणूस उडतो.

दवाखान्यात त्याने मुलीला विचारलं, तिथे तार होती ना? जबडा घट्ट बांधलेला, हात प्लास्टरमध्ये. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, मग तिने होकाराची मान हलवली. त्याने बाईंचं नाव घेतलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याला तेवढं पुरे होतं. बायकोने बजावलं, पोरगी बरी होईपर्यंत हा विषय तिच्यासमोर नको. मग त्याने तो घराबाहेर काढला.

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो तार दाखवू लागला. बाई चालत असल्या की सायकली मुद्दाम डबक्यातून जाऊन त्यांच्यावर चिखल उडवत. त्यांच्या दाराच्या कडीला कुणीतरी तारेचा फास अडकवून गेलं. शेजारणीने बोलणं टाकलं. बाई मात्र मूग गिळून गप्प होत्या, आणि त्यामुळे त्याचं डोकं आणखीच भडकत होतं.

शेवटी वनरक्षकाने दोघांना कार्यालयात बोलावलं. बाईंना तो मानत होता. त्याने नरमाईने विचारलं, ही तार तुमची आहे का?

"माझीच आहे. मचाणाला वापरलेली."

"मग खाली वळणावर कशी आली?"

बाईंनी दुर्बिणीचा पट्टा मुठीत धरला. "ते मला सांगता येणार नाही."

"कसं सांगतील?" सायकलवाला म्हणाला. "माझ्या पोरीचा जीव जाता जाता वाचला, आणि या मोजतायत अंडी."

वनरक्षकाने टेबलावरची नोंदवही पुढे ओढली. मग त्याने बाईंची परवानगी रद्द केली. जंगलात पाऊल टाकायचं नाही. बाईंनी वाद घातला नाही. गरुडांकडे तेवढं बघा, एवढंच त्या म्हणाल्या आणि दुर्बीण त्याच्या टेबलावर ठेवून निघून गेल्या.

मचाण पाडायला सायकलवाल्याचा गट आनंदाने गेला. एका बाजूच्या फळ्या आधीच सुटून लोंबकळत होत्या. बांधकामही बाईंसारखंच खिळखिळं, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. त्या गोंधळात गरुड उठले, बराच वेळ वर घिरट्या घालत राहिले आणि तळ्यापलीकडे गेले. परत आले नाहीत. वाट पुन्हा खुली झाली.

मुलीचा जबडा मोकळा केला त्या दिवशी सायकलवाला नवीन सदरा घालून दवाखान्यात आला. पोलिसांकडे द्यायला तिचा जबाब हवा होता. त्याने मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं आणि आता काही चिंता नाही म्हणून तिला सगळं सांगितलं. बाईंना हाकललं, मचाण पाडलं, शेजारीपाजारीही त्यांच्या दारात उभं राहत नाहीत. बोलताना त्याचा आवाज अभिमानाने भरून आला होता.

मुलीचा चेहरा पांढरा पडत गेला.

"बोल बाळा. घाबरू नकोस. तार कुठे बांधली होती बाईंनी?"

"वाटेवर तार नव्हती, बाबा." शब्द जड होते, एकेक करून येत होते. "मी सायकल झाडाला टेकवून वर चढले होते, त्यांच्या मचाणाच्या तारा सोडवायला. फळी निसटली. आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्या माझं डोकं मांडीवर धरून एकच सांगत होत्या, पोरी, मी कुणाला काही कळू देणार नाही."