थडगी पाहून आल्यावर

१९८६ साली विष्णू आणि विनया जयपूरहून इजिप्तला गेले. विष्णू कॉलेजात इतिहास शिकवायचा. तिथली थडगी एकदा डोळ्यांनी पाहायची, हा त्याचा ध्यास. वडिलांचं हृदय अधू, म्हणून तो कचरत होता. पण गुलाबरावांनीच त्याला बळेबळे धाडलं. "जा रे, मी कुठे पळून जातोय?"

सासूबाईंनी विनयाला तेवढं बजावलं, "मढी बघून याल, तर अंगावर पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही."

"अगं, तीन हजार वर्षांपूर्वीची मढी ती!" म्हणत गुलाबराव ठसका लागेपर्यंत हसले.

पंधरवड्याने रिक्षा मालवीय नगरातल्या घरापुढे थांबली, तर पायरीवर पाण्याची भरलेली बादली. सासूबाई आत, दाराच्या अंधारात उभ्या होत्या. विनयाला हसू आवरेना.

"आई, खरंच बादली मांडलीत! अहो, त्या राजांचा कसला विटाळ?"

"त्यांचा नाही गं," सासूबाई म्हणाल्या. मग विष्णूकडे वळल्या. "बाबा गेले रे तुझे, सोमवारी. तुमचं रोज नवं गाव, कळवायचं कुठे? शेजारच्या शर्माजींनी अग्नी दिला. घ्या, आधी पाणी घ्या अंगावर."

विष्णूने तिथले फोटो कधी कुणाला दाखवले नाहीत. पुढे सासूबाई बारा वर्षं जगल्या आणि त्या बारा वर्षांत तो एक रात्रही घराबाहेर राहिला नाही. त्या गेल्या, तेव्हा तो कोपऱ्यावर दूध आणायला गेला होता.

तो दूध घेऊन परतला, तेव्हा दार उघडायला विनया गेली.