डाव्या गालावरचा तीळ

आठवा छापा प्रेसमधून निघाला. चित्रकाराने तो अलगद उचलला आणि टेबलावर इतर सातांच्या शेजारी पसरला. झालं! ठरलेल्या सगळ्या प्रती निघाल्या. आता एकच काम उरलं होतं, आणि सकाळपासून तो तेच टाळत होता.

प्रती काढून झाल्या की चित्र कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईने आडवी रेघ ओढायची, म्हणजे त्यावरून पुन्हा कुणी छापायला नको. घेणाऱ्याला दिलेला शब्दच असतो तो. त्याने आजवर झाडांवर, पुलांवर, अगदी स्वतःच्या चेहऱ्यावरही अशी रेघ ओढली होती आणि वर निवांत चहा प्यायला होता. पण या पत्र्यावर त्याची मुलगी होती. गेल्या हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

संध्याकाळी प्रती न्यायला गॅलरीवाला येणार होता. सुई हातात धरून तो नुसता उभा होता. हात काही पुढे होईना.

दार ढकलून बायको आत आली. मुलगी गेल्यापासून तिने या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. ती थेट टेबलापाशी गेली, छाप्यांवरून नजर फिरवली आणि थबकली.

"ही कोण?"

"असं काय करतेस? आपली ठकू."

"अहो, ठकूचा तीळ डाव्या गालावर होता. हिचा उजव्यावर आहे."

त्याने पाहिलं आणि मटकन स्टुलावर बसला. छापताना चित्र आरशातल्यासारखं उलटं उमटतं, म्हणून पत्र्यावर ते आधीच उलटं काढायचं, ही तर या कामाची बाराखडी! याच चुकीपायी त्याने किती शिकाऊंना झापलं होतं. पण ठकू समोर बसल्यासारखी दिसत होती, आणि तो तशीच्या तशी काढत गेला. डोळ्यांत तेल घालून शाई तपासली, कडा तपासल्या. तीळ काही तपासला नाही.

"असती तर पोट धरून हसली असती तुम्हाला," बायको म्हणाली.

बोलता बोलता ती पत्र्यावर वाकली. रेघांमध्ये थोडी शाई उरली होती. तीळ डाव्या गालावर होता. भांगही जिथल्या तिथे.

"ही काय, इथे आहे की ती!" मग तिला त्याच्या हातातली सुई दिसली. "हिच्यावर रेघ मारणार?"

"शब्द दिलाय गं. प्रती दिल्या की पत्रा खोडायचा."

"आणि प्रती दिल्याच नाहीत तर?"

सुई बाजूला ठेवून त्याने पहिला छापा उचलला आणि मधोमध फाडला. मग दुसरा. कागद ओले होते, फारसा आवाजही झाला नाही. शेवटचा फाडताना मात्र त्याला रडू आवरेना. कुणाची का असेना, लहान मुलगीच होती ती.

शाई वाळायच्या आत पत्रा पुसायला हवा होता. सवयीने त्याने फडका उचलला.

"द्या इकडे," बायको म्हणाली. "तिचं तोंड मी पुसते. तुम्ही फार जोर लावता."