अनसूयाबाईंचा रिपोर्ट

"तुमच्यात दोष नाही," डॉक्टर आईचा रिपोर्ट पाहून म्हणाल्या आणि श्रेयाचा जीव भांड्यात पडला.

तिची आई अनसूयाबाई मात्र तोंड पाडून बसली.

श्रेयाला वैताग आला. इंदापूरहून बारामतीच्या दवाखान्यात ही तिसरी खेप. दर वेळी एमआयडीसीतली अर्धी पाळी बुडवायची, साहेबाची बोलणी खायची, एसटीत उभं राहून पायांचे तुकडे पाडून घ्यायचे. आणि एवढं करून बातमी चांगली आली, तरी आईचं आपलं हे असं!

आईच्या माहेराला कॅन्सरनं पार धुऊन काढलं होतं. आजी गेली. पाठोपाठ भीमामावशी, बत्तिसाव्या वर्षी, छातीच्या गाठीनं. श्रेया तेव्हा जेमतेम दहा महिन्यांची. पितृपंधरवड्यात मावशीच्या नावाचं पान आई दर वर्षी श्रेयाच्याच हातून ठेवायची. लाडकी भाची म्हणे! आता मामाची मुलगी राजनंदिनी आजारी पडली आणि तिच्या तपासणीत जनुकातला दोष सापडला, घराण्यातून उतरलेला. तेव्हापासून श्रेयाला झोप नव्हती. पुढच्या महिन्यात काटेवाडीच्या यशराजशी तिचं लग्न होतं. आधी आईचं रक्त तपासू, तिच्यात दोष निघाला तरच तुझं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"म्हणजे मी सुटले ना, मॅडम?"

"सुटलीस. आईतच नाही, तर तिच्याकडून तुझ्यात येणार कुठून?"

अनसूयाबाई पदराचं टोक चाळवत म्हणाली, "तरी हिचं रगत घ्याच."

"अगं आई, कशाला? ऐकलंस ना आत्ता?"

"पुन्यांदा बगा. मशीन चुकलं आसंल."

"दोनदा पाहिलंय, ताई."

"माझ्यात निघालं आसतं तर बरं झालं आसतं."

श्रेयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "शुभ बोल की गं बाई! लोक देवाला हात जोडतात निघू नये म्हणून!"

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. सकाळपासून त्याही दमल्या होत्या. "ताई, लग्न तोंडावर आलंय. कारण नसताना पोरीच्या जिवाला घोर कशाला लावता?"

"कारण हाय." अनसूयाबाई लेकीकडं वळली. "तू जरा भाईर बस."

"मी नाही जाणार. माझ्याबद्दल बोलायचंय ना? मग माझ्यासमोर बोल."

अनसूयाबाईनं तिचा हात धरला. डोळे भरून आले, तरी पुसायचं त्राण तिच्यात नव्हतं.

"दमले गं आता," ती म्हणाली आणि डॉक्टरांकडं वळली. "मॅडम, हिला जलम भीमानं दिला."