काय दिसतं ते सांग

संगणक सुरू होताना वाजतो तो चार सुरांचा तुकडा वाजला आणि सरांनी खुर्ची पुढे ओढली.

"सकाळपासून दुसऱ्यांदा," फोटोवाली वैतागून म्हणाली. "वीज गेली की हा मान टाकतो. आली की आपला आपण उठतो, पण किती वेळ लावतो!"

"माझ्यासारखाच आहे," सर म्हणाले. "चल, लाव पहिलं चित्र."

फोटोवाली ही सरांची जुनी विद्यार्थिनी. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून तिने जिवाणू, बुरशी आणि शेवाळ यांची चाळीस चित्रं काढली होती. शाळांमध्ये विज्ञान शिकवायला हा चित्रांचा संच जाणार होता. त्याआधी सरांनी प्रत्येक चित्र आणि त्याखालचं नाव तपासून सही करायची, एवढंच काम उरलं होतं.

अडचण एकच होती. सरांना दिसत नव्हतं.

खिडकीचा उजेड तेवढा कळायचा, बाकी सगळं राखाडी. हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. "सांगून टाका हो एकदाचं," डोळ्यांत औषध घालताना ती रोज म्हणायची. "बघू," असं सर रोज म्हणायचे. सांगितलं की हा संच दुसऱ्याच्या हाती जाणार आणि आपण घरी बसणार, हे सरांना पक्कं माहीत होतं. विभागप्रमुखांना संशय आलाच होता. परवा त्यांनी गोड आवाजात विचारलं होतं, "सर, डोळे तपासलेत का हल्ली?" मुलांनी ज्या खोलीत तीस वर्षं त्यांना 'बुरशी सर' म्हटलं, तिथून निदान एवढं काम हातावेगळं करून निघावं, यापलीकडे आता त्यांना काही नको होतं. फार थकले होते ते.

त्यांना तारलं एका जुन्या सवयीने. वर्गात कुणी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की सर म्हणायचे, नाव नको, आधी काय दिसतं ते सांग. त्यामुळे आजही त्यांनी तेच म्हटलं आणि फोटोवालीला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"जांभळे मणी. घोसासारखे एकत्र."

"स्टॅफिलोकोकस. बरोबर. पुढे."

टक, बटण दाबल्याचा आवाज यायचा. ती सांगायची, सर नाव घ्यायचे, ती खालचं नाव वाचून "हेच आहे" म्हणायची. अधूनमधून सर उगाच "जरा मोठं कर" म्हणत. करायला हवं ना काहीतरी.

चौदा जिवाणू झाले. बुरशी सुरू झाली. मागच्या भिंतीला नमुने ठेवायचा जुना फ्रीज होता. त्याच्या घरघरीपुढे संगणकाची बारीक गुणगुण ऐकूच येत नसे. तेविसाव्या चित्राला तो एकदाचा थांबला. तो असा मधून मधून दम खायचाच. सरांच्या कानांना बरं वाटलं.

फोटोवाली मात्र जरा थांबली.

"काय गं? दमलीस?"

"नाही सर." टक. "चोविसावं. काळ्या डोक्यांच्या टाचण्या टोचून ठेवल्यासारखं. खाली मुळांसारखे धागे."

"रायझोपस. ब्रेडवरची. पुढे."

टक. टक. सरांची पाठ दुखायला लागली होती.

"एकोणतिसावं," ती म्हणाली. "बारीक काड्या. टोकाला कुंचल्यासारख्या फांद्या, आणि त्यांच्यावर मण्यांच्या माळा."

"खाली नाव काय दिलंयस?"

"रायझोपस."

"काय?" सर ताठ बसले. "अगं, कुंचला कधीपासून आला रायझोपसला? पेनिसिलियम आहे ते! पोरं हेच पाठ करून बसली असती!"

"अरे देवा!" ती म्हणाली. "बरं झालं सर, तुम्ही पाहिलंत."

तुम्ही पाहिलंत. शिकत असताना या मुलीची नावात चूक म्हणून झाली नव्हती. पण माणूस दमतं. विभागप्रमुखांनी नुसता शिक्का मारून ही चूक गावभर पाठवली असती. आपण अजून उपयोगाचे आहोत, असं कित्येक महिन्यांनी सरांना वाटलं, आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं.

"बघितलंस? म्हातारे असे उपयोगी पडतात."

"तुमच्याशिवाय झालंच नसतं, सर."

त्यानंतर शेवाळं सरसर उरकली. हिरव्या फितीचं वेटोळं, स्पायरोगायरा. काचेच्या नक्षीदार डब्या, डायटम. हिरव्या पोकळ चेंडूत छोटे चेंडू, व्हॉल्वॉक्स. आता सरांचा आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत लागत होता.

"घंटा कशी झाली नाही गं अजून?" मध्येच त्यांनी विचारलं.

"होईल की, सर."

चाळिसावं संपलं. तिने कागद त्यांच्या हाताखाली सरकवला आणि बोटाने टकटक केलं. "इथे, सर." त्या टकटकीच्या अंदाजाने सरांनी सही केली. झोकदार केली. आज घरी गेल्यावर बायकोला सांगायचं, एक चूक पकडली म्हणून. मग उद्या विभागप्रमुखांना डोळ्यांचं सांगून टाकलं तरी चालेल. मान खाली घालून जायची वेळ आता येणार नव्हती.

मागे फ्रीज खडखडला आणि घरघरू लागला.

बाहेर शिपाई कुणाला तरी ओरडून म्हणाला, "आली रे बाबा एकदाची वीज! तासभर नुसते बसून होतो!"

आणि सरांच्या समोर, टेबलावर, चार सुरांचा तो तुकडा वाजला.