डावा की उजवा

शिवाजी पेठेत गिटार दुरुस्त करणाऱ्या प्रसेनजीतचा आपल्या कानावर भारी भरवसा. गारगोटीचा पारस २००३ साली त्याच्याकडं इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचा आवाज पकडणारा हंबकर पिकअप निवडायला आला. टेबलावर दोन पिकअप अँप्लिफायरला जोडलेले होते, दिसायला अगदी जुळे.

“आवाज बी सारखाच की, दादा.”

“डावा जरा जाड बोलतो, पावणं. मी भिंतीकडं तोंड करून डोळे मिटतो. तुम्ही कुठल्याबी एका पिकअपला स्क्रूड्रायव्हर टेकवा. एकदा जरी चुकलो तर कान कापून देतो.”

मागं स्पीकरमधून टक झालं.

“डावा.”

टक.

“उजवा.”

टक.

“परत उजवाच.”

पारस काही बोलेना. पावणा गार पडला म्हणून प्रसेनजीत गालातल्या गालात हसला. पुढचे वीसेक ठोके त्यानं असेच बिनचूक ओळखले.

“आता तरी पटलं न्हवं?”

“मगाशीच पटलं की. तीन ठोक्यांतच.” आवाज बाजूच्या दारातनं आला. प्रसेनजीतनं डोळे उघडले. हातात चहाचे दोन ग्लास घेऊन पारस पायरी चढत होता. “म्हणून तर चहा आणाय गेलतो.”

टक.

पारस पायरीवरच थांबला. त्याची नजर टेबलावर होती.

प्रसेनजीतनं मान वळवली नाही.

“डावा,” तो म्हणाला.

“व्हय,” पारस हळूच म्हणाला. “डावाच.”