सापळ्याचं नाव

घंटी वाजली तसा सुरक्षाप्रमुख बसल्या जागी ताठ झाला. फाइल कुणीतरी उघडली होती.

ऑफिसात त्याला सगळे कुलूप म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. गेले काही दिवस कंपनीच्या संगणकावरच्या बंद कागदपत्रांत कुणीतरी फिरत होतं, तेही थेट मालकांच्या खात्यातून. आता मालकांना साधी प्रिंट काढायची तर माणूस बोलवावा लागतो; ते कुठले फिरतायत! पण ते पासवर्ड विसरले की नवा कोण करून देतं? शेजारच्या टेबलावरच्या ताई. त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या, वयाने त्याच्याहून मोठ्या, आणि हल्ली जरा जास्तच गप्प गप्प. त्याच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

म्हणून त्याने एक रिकामी फाइल त्या कागदपत्रांत सोडून दिली. कुणी उघडली की त्याच्याकडे घंटी वाजणार. मोह व्हावा असं नाव हवं, म्हणून डोकं खाजवून नाव दिलं, 'कंपनीची विक्री : अंतिम करार'. सुचल्यावर स्वतःवरच खूश झाला होता गडी.

आणि आता स्क्रीनवर पुन्हा मालकांचंच खातं.

"ताई, कीबोर्डवरून हात काढा."

ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मी चहा पितेय."

"साहेबांचा पासवर्ड तुम्हाला ठाऊक असतो."

"मी दिलेला त्यांनी लगेच बदलायचा असतो. नियम तुमचाच आहे."

"बदलतात का ते?"

"म्हणजे मला चोर म्हणताय तुम्ही?" ताई म्हणाल्या. "दोन मुली शिकतायत माझ्या. असलं काही नावाला लागलं, तर मला दारात तरी कोण उभं करील?"

त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण सापडलेलं माणूस असंच बोलतं, असं मनाशी म्हणून त्याने ते गिळलं.

तेवढ्यात मालक स्वतःच जिना उतरून आले, धापा टाकत.

"ती फाइल कुणी ठेवली?"

"मी, साहेब. सापळा होता. आत काही नाहीये."

"नाहीये ते पाहिलं मी." मालकांचा चेहरा उतरला होता. "'कंपनीची विक्री' हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. माझ्या मनाने ठेवलं."

"मनाने? माझ्या वकिलाशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे इतके दिवस माझे कागद वाचत होतात तर."

"नाही हो साहेब, माझ्याच मनाने," कुलूप पुन्हा म्हणाला. खरं सांगत होता बिचारा. पण दुसऱ्या कुणी हेच सांगितलं असतं, तर त्याने तरी मानलं असतं का?

"ताई," मालक म्हणाले, "यांचं खातं बंद करा. आत्ताच्या आत्ता."

ताईंनी कप बाजूला ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. कुलपाकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्याचं नाव शोधलं, बटण दाबलं आणि थांबल्या.

"साहेब, इथे कारण लिहावं लागतं. आणि ते सगळ्या विभागांना जातं."

"लिहा काहीतरी."

"काय लिहू?" ताई त्यांच्याकडे वळल्या. "नवे मालक आम्हाला ठेवणार आहेत का, साहेब?"