पिवळीला आलेलं स्थळ

"घरातल्या कुणी कधी कुत्र्याचं मांस खाल्लंय?" कांगसोकने कागदावरचा चौदावा प्रश्न वाचला.

"छे छे, नावसुद्धा काढू नकोस," पिलसुन आजी म्हणाली आणि मनातल्या मनात तिने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

कांगसोकने 'नाही'वर खूण केली. कुत्र्यांना मांसाच्या धंद्यातून सोडवून त्यांना घरं शोधून देणाऱ्या संस्थेचा हा पोरगा सोलहून तीन तास बसने आला होता. मुलीकडच्यांनी घर बघायला यावं तसं त्याने सगळं बघितलं. कुंपण किती उंच, पाणी कुठे ठेवणार, थंडीत कुत्री कुठे झोपणार. "माझ्या अंथरुणात," असं आजीने सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला. त्याच्या शर्टावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कुत्रा मित्र आहे, मटण नव्हे.'

ही कुत्री म्हणजे पिवळी. जन्मापासून तारेच्या पिंजऱ्यात वाढलेली. सोडवून आणली तेव्हा तिला जमिनीचीच भीती वाटायची, म्हणून संस्थेच्या इथल्या निवाऱ्यात भांडी घासायला येणाऱ्या पिलसुन आजीच्या रबरी बुटावर येऊन ती बसली. चार महिने झाले, रोज तिथेच बसते. अंगाने वासराएवढी. शहरातल्या लोकांना काखेत मावणारी कुत्री हवीत, हिला कोण विचारतो? म्हणून गुरुवारच्या विमानाने तिची कॅनडाला पाठवणी ठरली होती. तिथली भाषा हिला कळणार कशी, या काळजीने आजीच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. आज घर पसंत पडलं तर पिवळी इथे, नाहीतर गेली समुद्रापार.

सगळं सुरळीत चाललं होतं. घात केला तो रीतीने. उन्हाळ्यातले सगळ्यांत जाळणारे तीन दिवस कोरियात सणासारखे पाळतात, त्यातला आज मधला. आजच्या दिवशी मटणाचा कढत रस्सा पोटात गेलाच पाहिजे, आणि पाहुण्याला तसाच लावून दिला तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. आजीने पहाटेपासून काळं बकरं शिजत लावलं होतं. लसूण, पातीचा कांदा, लाल तिखट. हात बसलेला, मापं जुनीच पडली. रटरटतं वाडगं तिने कांगसोकपुढे ठेवलं, आणि नेमकं तेव्हाच भिंतीवरून शेजारच्या माल्जाचं डोकं वर आलं.

"काय गं पिलसुन, आज अगदी तुझ्या दुकानासारखा वास सुटलाय."

माल्जा ठार बहिरी, त्यामुळे हे अख्ख्या आळीने ऐकलं. बोलून झाल्यावर ती समाधानाने खाली गेली.

"कसलं दुकान?" कांगसोकने विचारलं.

आजीने सांगून टाकलं. एक खोटं कसंबसं गिळलं होतं, दुसरं घशाखाली उतरेना. एकतीस वर्षं बसथांब्यासमोर तिचं कुत्र्याच्या रश्श्याचं दुकान होतं. नवरा लवकर गेला, दोन पोरं त्या रश्श्यावरच वाढली. कुत्र्याच्या मांसावर बंदीचा कायदा आला तसं तिने कुलूप लावलं. तोवर तिला कधी काही वाटलं नव्हतं, खरंच वाटलं नव्हतं. मग ती पिवळी येऊन बुटावर बसली. आता मात्र रोज वाटतं, आणि फार वाटतं.

कांगसोकचं लक्ष वाडग्याकडे गेलं आणि त्याचा चेहराच उतरला. हे काय आहे, असं त्याने विचारलं. बकरं, असं आजीने सांगितलं. कशावरून? मी म्हणते म्हणून! पण मघाशी चौदाव्या प्रश्नालाही तिने असंच छातीठोक उत्तर दिलं होतं, तेव्हा तिच्या म्हणण्याला आता काडीची किंमत नव्हती. हाडं तर ती सगळी आधीच काढून टाकते, त्यामुळे तोही पुरावा नाही.

शेवटी पोराने डोळे मिटले आणि चमचा तोंडात घातला. सावकाश चावलं. आभाळाकडे बघितलं. पुन्हा एक चमचा घेतला.

"बकरंच आहे," तो म्हणाला, आणि त्याने मोठा श्वास सोडला.

आजीचाही जीव भांड्यात पडला. तिने बाहीने डोळे पुसले, आणि मग तिच्यातली दुकानदारीण जागी झाली. तिच्या मसाल्यात दोन्ही मटणं सारखीच लागतात. भलेभले तपासनीस फसले होते. हा फरक कळायला दोन्ही चाखलेली जीभ लागते.

"पोरा," तिने हळूच विचारलं, "तू कधी खाल्लं होतंस?"

कांगसोक कानांपर्यंत लाल झाला. मग तोही बोलला. आजोबा दर उन्हाळ्यात हॉटेलात न्यायचे, गाईचं आहे म्हणून सांगायचे. दुसऱ्याच वर्षी याला कळलं होतं. तरी आठवीपर्यंत खाल्लं, कारण आवडायचं. हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, संस्थेत तर मुळीच नाही.

मग आजीने चौदाव्या प्रश्नावर बोट ठेवलं.

"खोड ते. खरं लिही," ती म्हणाली. "पिवळी गेली तर गेली. तिला खोटं बोलून आणायची नाही मला."

कांगसोकने खोडलं, पण उत्तर नाही, अख्खा प्रश्नच. "हा मीच घातला होता," तो म्हणाला. मग शेवटच्या रकान्यात, 'अर्जदाराला कुत्र्यांचा पूर्वानुभव' याच्यासमोर, त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'एकतीस वर्षं', आणि खाली सही ठोकली.

"उद्या सकाळी घेऊन येतो तिला," वाडगं पुढे सरकवत तो म्हणाला. "आता अजून थोडं वाढा, आजी. आणि ती आली की तिच्यादेखत आपण दोघांनीही हा विषय काढायचा नाही."